हत्यार नव्हे, नाव घ्या

श्री. बळवंतराव उदगीरकर यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी अटकेत होतो. अटक हा शब्द जरा मोठा झाला. सरांच्या गौरवग्रंथात तरी लहान गोष्टीला मोठा शब्द लावू नये, म्हणून नेमके सांगतो: हैदराबादेत बेगमपेठच्या जुन्या विमानतळावर मी ठेक्यावरच्या मेकॅनिकच्या कामासाठी गेलो होतो, तिथे मागच्या फाटकावर पहारेकऱ्याने मला बाकावर बसवून ठेवले होते आणि माझी पिशवी स्वतःच्या पायाजवळ ओढून घेतली होती.

कारण माझे मीच दिले होते. "थैले में क्या है?" असे त्याने विचारले आणि मी सरळ सांगितले, "हतियारां हैं." आमच्या घरच्या मराठीत पाने, पकडी, कानशी या सगळ्याला हत्यारे म्हणतात. अफझलगंजच्या ज्या स्कूटर गॅरेजात मी वाढलो तिथेही तेच म्हणत. विमानतळाच्या फाटकावर त्याच शब्दाचा अर्थ बंदूक आणि सुरा होतो, हे मला तिथे बसल्यावर उमगले.

मी शाळा मॅट्रिकला सोडली. इंजिन मी उघडून उघडून शिकलो, कोणी शिकवले नाही, आणि हे मी नेहमी मान वर करून सांगत आलो आहे. पण त्या बाकावर मान खाली होती. तेवढ्यात हँगरकडून खाकी डगला घातलेले एक उंच गृहस्थ आले. त्यांनी पिशवीतल्या वस्तू बाकावर एका ओळीत मांडल्या आणि एकेकीवर बोट ठेवत मला विचारले.

"हे काय?"

"पाना."

"कसला?"

"रिंग पाना. दहा-अकराचा."

"आणि हे?"

असे शेवटच्या वस्तूपर्यंत झाले. मग ते पहारेकऱ्याला म्हणाले, "देखो मियाँ, सब का नाम लिया इसने. इसमें हतियार एक भी नहीं है." आणि माझ्याकडे वळून मराठीत, "चला आत. इथं हत्यार म्हणायचं नाही. अवजार म्हणूनही भागणार नाही. ज्याचं त्याचं नाव घ्यायचं."

ज्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा नावे घ्यायला लावली, त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त हा लेख लिहितो आहे. ग्रंथ हाती घेणाऱ्या पुष्कळांना माहीत असेल, काहींना नसेल, म्हणून आधीच सांगून टाकतो. मागच्या वर्षी सरांना मेंदूचा झटका आला. हातपाय सावरले. शब्द गेले. डॉक्टर सांगतात की शब्द आत आहेत, फक्त बाहेर यायची वाट बुजली आहे. सरांना सगळे कळते, माणसे ओळखू येतात, पण नाव म्हणून जे काही असते ते ओठांवर येत नाही. आले तर भलतेच येते. तहान लागली की ते "पाना" मागतात. शालिनीकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, पाण्याचा तांब्या पुढे करतात.

गौरव समितीचे लोक सत्काराचे विचारायला अंबरपेठेतल्या घरी गेले, तेव्हा काकू स्पष्ट म्हणाल्या, "पुस्तक काढा. यांना व्यासपीठावर नेऊ नका. हजार माणसांना बोलायला शिकवलं यांनी. त्यांच्यासमोर गप्प बसवायचं का आता?" मी त्या वेळी तिथे होतो. तिथून घरी आलो आणि सत्कार होणार की नाही हे ठरायच्या आधीच हा लेख लिहायला घेतला.

सरांच्या कामाविषयी लिहायला समितीने मला सांगितले आहे. या ग्रंथात इतरत्र सरांना 'भांडारप्रमुख' म्हटले आहे असे ऐकतो. ते बरोबर नाही. भांडारात माल येतो आणि जातो. सरांकडे होती ती हत्यारांची खोली (सर माफ करोत, दुसरा शब्द सुचत नाही), आणि तिथून जे जाईल ते परत आलेच पाहिजे, असा तिचा धर्म होता.

त्या खोलीची एक भिंत म्हणजे एक मोठा लाकडी फळा होता. फळ्यावर प्रत्येक वस्तूची तिच्याच आकाराची पिवळी आकृती रंगवलेली असे आणि वस्तू तिच्यावर टांगलेली असे. सगळ्या आकृत्या सरांच्या हातच्या. त्यांना ते सावल्या म्हणत. पाना काढला की भिंतीवर पान्याची सावली उरे. "सावली उघडी आहे," असे सर म्हणाले की हँगरमध्ये सगळ्यांचे हात थांबत, कारण उघडी सावली म्हणजे एखादी वस्तू विमानात राहिली असण्याची शक्यता. पंखाच्या पोटात विसरलेला एवढासा पाना वर गेल्यावर सरकतो आणि सुकाणूच्या तारेत अडकतो. सावली भरेपर्यंत विमान सोडायचे नाही, हा नियम सगळीकडेच असतो. सरांनी त्याला भाषा दिली.

भाषेची गरज का पडली, ती हकीकत हबीबभाईंची आहे. हबीबभाई माझ्यासोबतचे मेकॅनिक, राहणार याकुतपुऱ्याचे, आणि बोलणे अस्सल दखनी. एकदा ते खाली उभे राहून एक उघडलेले झाकण दोन्ही हातांनी पेलून धरत होते आणि वर शिडीच्या घोडीवर आमचा एक मराठी सोबती तार पिळत होता. वरून तो ओरडला, "पक्कड!" त्याला तार पिळायचे हत्यार हवे होते. हबीबभाईंनी ऐकले, "पकड!" वरून काहीतरी पडते आहे असे समजून त्यांनी हातातले झाकण सोडले आणि ओंजळ पसरली. वरून काहीच पडले नाही. झाकण मात्र त्यांच्या पायावर पडले.

"मैं तो पकड़ने कू खड़ा था, साब," लंगडत लंगडत ते सरांना सांगत होते. "इनो फेंकेच नहीं."

सगळे हसले. सरही हसले. पण दुसऱ्या दिवसापासून रीत बदलली. हत्यार देणाऱ्याने त्याचे पूर्ण नाव घ्यायचे, घेणाऱ्याने तेच नाव उलट घ्यायचे, मगच हात सोडायचा. परत देतानाही तसेच. मराठी माणसाला 'नाव घ्या' म्हटले की काय आठवते ते सांगायला नको. आम्ही नवऱ्या मुलीसारखे उंबऱ्यावर उभे राहून यमक जुळवत असू आणि तेलुगू सोबती विचारत, "एमिटि अन्ना, काय चाललंय, लग्न कुणाचं आहे?" पुढे त्यांनीही शब्द उचलला. त्या हँगरमध्ये तेलुगू, दखनी, मल्याळी बोलणारी माणसे 'नाव घेतलं का?' हे एक वाक्य शुद्ध मराठीत विचारत. हैदराबादेत मराठीने दुसऱ्यांचे पुष्कळ शब्द घेतले. एक तिने दिला, तो सरांमुळे.

सर वस्तूंच्या बाबतीत हळवे होते असे कोणी लिहील, तर तेही अर्धेच खरे. बोल्ट ठरल्या जोराने आवळायचा जो टॉर्क पाना असतो, तो काम झाल्यावर अगदी सैल करून ठेवावा लागतो. ताणलेला ठेवला तर आतली स्प्रिंग थकते आणि पाना खोटे बोलू लागतो. सर हे प्रत्येकाला सांगत आणि न चुकता स्वतः तपासत. स्वतःला मात्र त्यांनी कधी सैल करून ठेवले नाही. आज त्यांच्याकडे पाहताना हा विचार मनात येतो आणि जात नाही.

इंजिनच्या आवाजात काम करताना कानांवर जे जाड झाकण लावतात त्याला आम्ही कानबंद म्हणायचो. आमच्यासारख्या ठेक्यावरच्या माणसांना सुरुवातीला ते मिळत नसे. सरांनी वर मागणी केली, ती अडली. तेव्हा ते स्वतःचे कानबंद माझ्या डोक्यावर चढवून कानात कापसाचे बोळे घालून धावपट्टीच्या कडेला उभे राहिले. अधिकाऱ्यांनी हटकले तर म्हणाले, "काय? ऐकू येत नाही." दोन्ही बाजूंनी पुष्कळ खाणाखुणा झाल्या. त्यानंतर कानबंद सगळ्यांना आले. माझे दोन्ही कान आज शाबूत आहेत. सरांना डाव्या कानाने कमी ऐकू येते.

सुट्टीच्या दिवशी मी अफझलगंजच्या मोठ्या वाचनालयात बसून दुरुस्तीची इंग्रजी पुस्तके शब्दाला शब्द लावून वाचत असे. ते मला सरांनी शिकवले असे मी म्हणणार नाही. मी माझे मीच शिकलो. एवढेच की सर येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसत, स्वतःचे काहीतरी वाचत, आणि मी अडून बसलो की पान न उलटता थांबत. मी पुढे गेलो की त्यांचे पान उलटत असे.

आता आरशाची गोष्ट. ती लिहायला हबीबभाईंनी मला सांगितले आहे. "लिख दे," ते म्हणाले. "साब तो कब्बी बोले नहीं. अब बोल भी नहीं सकते. मेरे कू बोलना पड़ता."

आकाश खाजगी कंपन्यांना मोकळे झाले ते दिवस. नवी कंपनी, भाड्याने आणलेली विमाने, कोऱ्या रंगाचा वास. उशीर या शब्दाला साहेब लोक घाबरत. एका दुपारी विमान तयार होते, प्रवासी आत बसलेले होते, आणि सर फळ्यासमोर उभे राहून म्हणाले, "सावली उघडी आहे."

आरसा नव्हता. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा, लांब दांडीचा, बोटभर गोल आरसा. जिथे डोके शिरत नाही तिथे तो घालून पाहायचे. व्यवस्थापक धावत आले.

"बळवंतराव, अहो, एका आरशासाठी?"

"आरशासाठी नाही. तो कुठं आहे ते माहीत नाही, त्यासाठी."

"विमानात नसेलच तो."

"नसेल तर बरंच आहे. बघू या."

प्रवासी उतरवले गेले. झाकणे पुन्हा उघडली. आम्ही सगळे पोटावर सरपटत शोधत होतो. आरसा विमानात नव्हताच. तो हँगरच्या मोरीत, खिडकीच्या पट्टीवर सापडला. सापडला सरांनाच. ते आले, त्यांनी आरसा फळ्यावर टांगला आणि म्हणाले, "सावली भरली. विमान सोडा."

व्यवस्थापकांचा चेहरा तापला होता. "पाहिलंत? विमानात नव्हता."

"नव्हता हे आत्ता कळलं," सर म्हणाले. "मघाशी माहीत नव्हतं."

मग चौकशी झाली. आरसा कोणी नेला, एवढाच प्रश्न होता. कोणीतरी जेवणाच्या वेळी नाव न घेता तो काढून नेला होता. सरांना तो ज्या पट्टीवर सापडला, तिथे त्याच्या शेजारी चावलेली लवंग पडली होती. त्या आठवड्यात दाढदुखीने लवंग चघळत फिरणारा माणूस आमच्यात एकच होता. हबीबभाईंनी मोरीत जाऊन आपली दाढ त्या आरशात पाहिली होती, दुखण्याच्या भरात आरसा तिथेच ठेवला होता, आणि मग गाजावाजा झाल्यावर भीतीने त्यांची जीभ उचलली नव्हती. त्यांची नोकरी कायम व्हायचे कागद त्याच महिन्यात वर गेले होते. घरात खाणारी तोंडे पुष्कळ होती.

लवंग सरांनी खिशात टाकली, ते मी मोरीच्या दारातून पाहिले होते. चौकशीत ते इतकेच बोलले की खोली माझी, फळा माझा, जबाबदारी माझी. ज्या माणसाने आम्हा सगळ्यांना नाव घेतल्याशिवाय चिमटादेखील दिला नाही, त्या माणसाने ते एक नाव कधी घेतले नाही.

किंमत त्यांनी मोजली. फळ्यावरून त्यांना काढून कागदी कामाच्या एका खोलीत बसवण्यात आले. पुढची बढतीही गेली. हबीबभाई कायम झाले.

चौकशीच्या त्या दिवसांत एकदा सर आपल्या स्कूटरवर हबीबभाईंना नारायणगुड्याला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. हबीबभाई खुर्चीत आडवे, तोंड उघडे, डॉक्टर सामान मांडताहेत. त्या ताटलीतला लांब दांडीचा बोटभर आरसा सरांनी उचलला, हबीबभाईंच्या डोळ्यांसमोर धरला आणि हळूच विचारले, "हबीब, इसका नाम ले."

"मेरा मुँह खुला था," हबीबभाई सांगतात. "नाम कैसा लेतूं? आँखां से पानी आया. डॉक्टर समझा दाँत दुखरा."

सरांना कळले होते हे हबीबभाईंना त्या खुर्चीत कळले. त्या विषयावर दोघांत पुन्हा कधी शब्द झाला नाही.

कंपनी फार वर्षे टिकली नाही. त्या काळी निघालेल्या अनेक कंपन्या टिकल्या नाहीत. जशी धूमधडाक्यात आली तशीच ती शांतपणे मिटली. शेवटच्या दिवशी फळ्यावरची हत्यारे पोत्यात भरून वजनावर विकली गेली. नावे कोणी घेतली नाहीत. सर त्या दिवशी कागदी खोलीतून उठून आले होते. भिंतीवरची प्रत्येक सावली उघडी पडलेली पाहत ते बराच वेळ उभे राहिले, मग मला म्हणाले, "जाधव, आता कुठलं विमान थांबवायचं?"

फळा कोणाला नको होता. तो मी नेला. अफझलगंजमागच्या माझ्या दुकानात तो आजही भिंतीवर आहे. लोकांचे टॉर्क पाने तपासून, खरे करून देतो मी आता, आणि त्यात माझा हात धरणारा या गावात कोणी नाही, हे मी सरांकडून ऐकले आहे म्हणून लिहितो. जुन्या सामानाच्या गुजरी बाजारात, भंगारात, जिथे मिळेल तिथून एकेक वस्तू आणून मी त्या सावल्या भरतो आहे. वस्तू सावलीत नेमकी बसली तरच घेतो. सर दुकानात येत, फळ्यावर नजर टाकत आणि नवी भरलेली सावली कोणती ते अचूक ओळखून तिचे नाव घेत. ते आता बंद झाले.

झटक्यानंतर मी रविवारी सकाळी त्या फळ्यावरची काही हत्यारे घेऊन अंबरपेठेला जाऊ लागलो. काकू चटईवर पांढरा पंचा पसरून देतात. मी वस्तू मांडतो. सर एकेक उचलतात. हात काही विसरलेला नाही. तार पिळायची पक्कड हातात घेतली की अंगठा बरोबर जागी बसतो, टॉर्क पाना आधी सैल आहे ना ते पाहतात. मग ओठ हलतात. नाव येत नाही. नाव कसे आहे, केवढे आहे, कुठे बसते, ते त्यांना ठाऊक असल्याचे चेहऱ्यावर दिसते. आकृती आहे, वस्तू नाही. मला दर वेळी तो शेवटच्या दिवसाचा फळा दिसतो.

"लग्नात मी यांचं नाव घेतलं होतं," काकू एकदा दारात उभ्या राहून म्हणाल्या. "शालू शालू करून घर डोक्यावर घ्यायचे. आता मला हाक मारायची तर भिंतीवर बोटं वाजवतात." मी खाली पाहत पाने पुसत राहिलो.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी हबीबभाईही आले. त्यांना मुद्दाम कोणी बोलावले नव्हते. गुडघे धरत चटईवर बसले आणि खिशातून एक वस्तू काढून पंच्यावर ठेवली. लांब दांडीचा आरसा. नवा, दुकानातून घेतलेला.

सरांनी तो उचलला. उलटा केला, सुलटा केला. ओठ हलले. पुन्हा हलले. कपाळावर घाम आला आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. काकू पुढे झाल्या, "राहू द्या आता, पुरे." हबीबभाईंनी हाताने त्यांना थांबवले.

"साब," ते म्हणाले, "मुँह खुला रहे तो नाम नहीं आता. मेरे कू मालूम है. आज से नाम मैं लेतूं. तुम बस पकड़ो."

सरांनी डोळे उघडले. हबीबभाईंकडे पाहिले. मग आरसा खाली ठेवून पंच्यावर हात फिरवला, तार पिळायचे हत्यार शोधून काढले आणि हबीबभाईंच्या तळहातावर ठेवले.

पक्कड.

मग सरांचे खांदे हलू लागले. ते हसत होते. हबीबभाई आपला तो जुना पाय चोळत, पक्कड छातीशी धरून हसत होते आणि डोळे पुसत होते. इतक्या वर्षांपूर्वीची कोटी, तिची दोन्ही टोके, सगळी जागेवर होती. फक्त ती बोलून दाखवता येत नव्हती.

काकू आत गेल्या. बऱ्याच वेळाने चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "न्या यांना तुमच्या सत्काराला. पण माइक पुढं करायचा नाही."

माइक कोणी पुढे करणार नाही. सभागृहात येणाऱ्या आपणा सर्वांना माझी हात जोडून एक विनंती आहे. सर खुर्चीत बसलेले असतील. त्यांच्यासमोर जाऊन 'ओळखलंत का?' असे विचारू नका. आपले नाव आपण घ्या, स्पष्ट, पूर्ण, आणि हात पुढे करा. ते उलट नाव घेऊ शकणार नाहीत, पण हात धरतील. त्यांनी हात धरला की सोडायची घाई करू नका. देवाणघेवाणीची रीत त्यांचीच आहे, या वेळी तिचा बोलायचा भाग आपण करायचा आहे.

आणि सर, एक तुम्हाला. हा लेख काकू तुम्हाला वाचून दाखवतील. लोक तुम्हाला शतायुषी व्हा म्हणतील, ते मीही म्हणतो, पण माझे म्हणणे त्याहून जरा नेमके आहे. शालू, पाणी, आरसा, जाधव, हबीब, अशा तुमच्या पुष्कळ सावल्या अजून उघड्या आहेत. त्यातली शेवटची भरेपर्यंत इथून तुमचे विमान सोडायचे नाही. नियम तुमचा आहे. फळ्यासमोर आम्ही उभे आहोत.